उजव्या सीटवरचा माणूस

"मॅडम, ही गाडी नवऱ्याचं ऐकते का बायकोचं?"

शर्वी खराडेनं उभं राहून खणखणीत आवाजात विचारलं आणि शाळेचा अख्खा हॉल खदखदला. दहावी 'क'च्या पोरी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. मागच्या रांगेतली मुलं बाकं बडवायला लागली. हेडसरांनी चष्मा काढून पुसायला घेतला, म्हणजे आता बोलणी बसणार हे नक्की. पैज गार्गीनं लावली होती, प्रश्न मुस्काननं रचला होता आणि विचारायला मात्र शर्वीच हवी होती. सध्या तिला कुणी नुसतं "हाय का हिंमत?" म्हटलं तरी पुरायचं. मागच्या वर्षीपर्यंत हीच पोरगी हजेरीला इतकं हळू 'हजर' म्हणायची की बाई गैरहजेरी लावायच्या. मग कबड्डीच्या संघात घेतली, पहिल्याच चढाईत समोरची धिप्पाड कॅप्टन ओढून आणली, आणि त्या दिवशी घशातलं बूच उडालं ते उडालंच.

व्यासपीठावरच्या इंजिनियर मॅडम, नाझनीन मुल्ला, अजिबात हसल्या नाहीत. स्वतः चालणाऱ्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीतून त्या आल्या होत्या, पण बोलणं अस्सल कोल्हापुरी.

"भारी विचारलंस," त्या म्हणाल्या. "सांगतो. आधी एक ध्यानात घे. गाडी ऐकायच्या आधी बघते. छपरावर ती डबी दिसते ना, तिच्यातनं न दिसणाऱ्या प्रकाशाचे ठिपके सुटतात, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतात. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरनं कळतं म्हैस किती लांब आहे. कॅमेऱ्याला कळतं की ती म्हैसच आहे. आणि रडारला कळतं ती कुठल्या बाजूला, किती वेगानं निघालीय. एखादा डोळा फुटला तर बाकीचे सांभाळून घेतात. हे झालं बघणं. आता ऐकणं. सगळ्यात वरचा हुकूम जिवाचा. समोर माणूस उभा असला तर कुणीही सांगू दे, गाडी पुढं सरकायची नाही. त्याखाली वाहतुकीचे नियम. त्याखाली मालक. आणि सगळ्यात खाली, आत बसलेला प्रवासी."

"पण मालक कोण?" शर्वी अजून उभीच होती.

"कागदावर ज्याचं नाव तो. किंवा ती. गाडी ताब्यात देताना त्याचा चेहरा आणि आवाज गाडीत भरून घेतात. घरच्या बाकीच्यांना मालक परवानगी देतो, वाटलं तर काढूनही घेतो. मग नवरा असू दे नाहीतर बायको."

मुस्काननं बसल्या बसल्याच विचारलं, "आणि आत कुणाला काय झालं तर? म्हणजे चक्कर वगैरे?"

"सीटवरचं छोटं रडार तुमच्या छातीची हालचाल मोजत असतं. श्वास, ठोके, सगळं. पहिल्या गाड्या काही बिघडलं की न विचारता दवाखान्याकडं पळायच्या. पण मग लग्नाच्या वराती आल्या." मॅडमना आता मात्र हसू फुटलं. "आत बसून पोरं नाचणार, किंचाळणार, एकमेकांना बुक्क्या घालणार. गाडीला वाटायचं मारामारी झाली! नवरदेवासकट सगळे थेट आयसीयूच्या दारात. एका नवरदेवाचा मुहूर्त टळला, त्यानं कोर्टात खेचलं. तेव्हापासून श्वासच थांबला तर गाडी स्वतः पळते. बाकी वेळेला ती मालकाला विचारते, मदत हवी का. मालक हो म्हणाला तरच वाट बदलते."

हॉलमध्ये पुन्हा हशा. शर्वी खाली बसली. गार्गीनं तिला कोपर मारलं, "जिंकलीस की! वडापाव माझ्याकडनं." शर्वीला ते ऐकूच गेलं नाही. तिच्या घरी तशी गाडी होती, आणि कागदावर नाव आईचं होतं.

* * *

नाव आईचं असायला काही प्रेमबिम कारण नव्हतं. बाईच्या नावावर घेतलं की सूट मिळते, म्हणून धैर्यशील खराडेंनी फ्लॅट, गोदाम, गाडी सगळं बायकोच्या नावावर केलं होतं. तृप्ती खराडेच्या नावावर एवढा पसारा होता आणि तिच्या हातात घराची किल्लीसुद्धा नसायची. गाडी आली त्या दिवशी शोरूमच्या माणसानं आईला समोर बसवून चार वाक्यं म्हणायला लावली, चेहरा डावी-उजवीकडून टिपला. पप्पांना वाटलं, सही-अंगठ्यासारखंच काहीतरी असेल. ते तेवढ्यात पेढे वाटत होते.

आणि ही गाडी घ्यायचं कारण? पप्पांचं लायसन काढून घेतलं होतं. कावळा नाक्यावर एका कॉलेजच्या पोरानं मागून हॉर्न वाजवला. शिवी नाही, काही नाही, नुसता हॉर्न. पप्पांनी गाडी आडवी घातली, पोराला मोपेडवरून ओढलं आणि त्याचा जबडा मोडला. शर्वी मागच्या सीटवर होती. त्या पोराच्या तोंडातून रक्ताच्या लाळेबरोबर एक दात बाहेर आला आणि तो तो दात रस्त्यावर शोधायला लागला, हे ती अजून विसरली नव्हती.

नवी गाडी आल्यावर सगळ्यांनी कौतुक केलं, आणि खोटं कशाला बोला, कौतुक करण्यासारखीच होती ती. स्टेअरिंग नाही, ब्रेक नाही. पप्पा ढोसून आले तरी गाडी त्यांना अलगद पार्किंगमध्ये आणून ठेवायची. शर्वीला क्लासला सोडून यायची, कबड्डीच्या सरावाहून आणायची. म्हशीला वाट द्यायची, शाळेच्या पोरांसाठी थांबायची, कुणी कट मारला तरी राग नाही. तरी पप्पा आपले उजव्या सीटवरच बसायचे. समोर नुसती सपाट फळी, पण कुणी आडवं आलं की उजवा पाय जिथं ब्रेक असायला हवा होता तिथं आपटायचे. तिथलं मॅट विरून त्याला भोक पडलं होतं.

रस्त्यावरची भांडणं बंद झाली. पण पप्पांचा राग काही बंद झाला नाही. पूर्वी तो वाटेतच वाटला जायचा. थोडा रिक्षावाल्याला, थोडा सिग्नलवरच्या पोलिसाला, थोडा कुणाच्या आरशावर. आता तसाच्या तसा, सीलबंद, घरी यायला लागला. आणि घरी आई होती.

आधी कधीमधी एखादी चापट बसायची. गाडी आल्यापासून मोजणं सोडून दिलं होतं दोघींनी. भाजीत मीठ, टीव्हीचा आवाज, फोन एंगेज. एकदा पट्टा. एकदा कुकरचं झाकण. आई शेजारणींना सांगायची, बाथरूममध्ये पाय घसरला. इतक्या वेळा घसरला की शेजारच्या काकूंनी तिला खरखरीत मॅट आणून दिलं. शर्वी मध्ये पडली की आईच तिला आत ढकलून बाहेरून कडी लावायची, आणि मग शर्वी दाराला पाठ लावून बसायची. ऐकू यायचंच सगळं.

* * *

त्या दिवशी सकाळची शाळा सुटून घरी आल्या आल्या शर्वीनं दप्तर फेकलं. "आई, गाडी तुझं ऐकते!"

आई भाकरी थापत होती. "कुणाचं?"

"तुझं! तू मालक हाईस. पप्पा नुसते प्रवासी. तू सांगितलंस तर गाडी त्यांना बसूपण देणार न्हाई."

आईनं पटकन दाराकडं बघितलं. "हळू बोल की गं."

"घरात न्हाईत ते. सांगलीला गेलेत. आई, चल ना, बघू तर. एकदाच."

पप्पा आडत्याबरोबर दुसऱ्याच्या गाडीतून सांगलीला गेले होते, ते दिवेलागणीशिवाय येणार नव्हते. आईनं पिठाचे हात धुतले, परत धुतले, पदर खोचला, सोडला. मग दोघी पार्किंगमध्ये गेल्या. आई सवयीनं मागचं दार उघडायला लागली. शर्वीनं तिला हाताला धरून पुढं, उजव्या सीटवर बसवलं.

"बोल काहीतरी."

"काय बोलू? लाज वाटते बाई." आईनं घसा साफ केला. "अगं... गाडी. आजऱ्याला... येतेस का?"

"नमस्कार तृप्ती," गाडी म्हणाली. "आजरा. निघूया."

घरात आईला नुसतं 'तृप्ती' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. ती आधी हसली आणि मग कागलपर्यंत रडली.

आजरा म्हणजे आईचं माहेर. किती वर्षांत गेली नव्हती. पप्पा नेतील तेव्हा जायचं, आणि पप्पा नेत नव्हते. त्या दुपारी संग्राममामा अंगणात मळणीच्या भाताला ऊन दाखवत होता. बहीण उजव्या सीटवरून उतरताना बघून त्याच्या हातातलं खोरं खाली पडलं. "ताई? तू चालवत आलीस?"

"मी न्हाई रे, ही. पण माझ्या सांगण्यावरनं!" आईनं बॉनेटवर थाप मारली, जशी कुणी बैलाच्या पाठीवर मारतं.

घनसाळ भाताचा वास, मामीचा तांबडा रस्सा, आईचं ते मोठ्यानं हसणं. शर्वीला आईच्या हसण्याचा आवाज असा असतो हेच माहीत नव्हतं. परत निघताना मामानं आईच्या हनुवटीखालचा हिरवा पडलेला डाग बघितला. फक्त म्हणाला, "ताई, गाडी हाय आता तुझ्याकडं. कधीपण ये. विचारू नको कुणाला."

दिवेलागणीच्या आत दोघी घरी. परत एकदा गेल्या, मग परत एकदा.

* * *

पप्पांचा दोस्त बापू यादव एका लग्नाला आजऱ्याला गेला, तिथं त्यानं गाडी बघितली आणि आला तो सरळ सांगून मोकळा झाला. "वहिनी उजव्या सीटवर, धैर्या. अगदी ऐटीत."

पप्पा भर दुपारी पिऊन घरी आले. शर्वीला रविवारची सुट्टी होती. ती कबड्डीचे बूट धूत होती, तोवर स्वयंपाकघरातून भांडी पडल्याचा आवाज आला. धावत गेली तर आई ओट्याखाली. ओट्याच्या कडेला रक्त आणि दोन केस चिकटलेले.

"कुणाला विचारून गेलीस? आँ? भाऊ शिकवतो व्हय तुला?" पप्पांनी तिला वेणीला धरून उठवलं. "चल. त्याच्या दारातच विचारतो त्याला. दोघांचेबी गुडघे फोडतो."

दारामागची हॉकी स्टिक त्यांनी उचलली. ती पूर्वी जुन्या गाडीत असायची, रस्त्यावरच्या भांडणांसाठी. आईला त्यांनी पुढं डाव्या सीटवर कोंबलं. शर्वी बोलावलं नसताना मागचं दार उघडून आत घुसली.

"तू उतर."

"न्हाई उतरत मी."

पप्पांनी मागं वळून बघितलं, पण त्यांना घाई आईला आजऱ्याला न्यायची होती. "आजरा," ते गाडीला म्हणाले, आणि गाडी निघाली. शोरूमवाल्यानं पहिल्याच दिवशी आईकडनं त्यांची परवानगी भरून घेतली होती, आणि आईनं ती कधी काढली नव्हती.

निपाणी मागं पडेपर्यंत ते बोलत होते. मग हात सुटला. पहिला ठोसा आईच्या कानावर बसला. दुसरा भुवईवर. कातडी फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. शर्वीनं मागून पप्पांच्या गळ्यात हात घालून ओढलं, तर त्यांनी कोपर असं मागं मारलं की तिच्या नाकातून झिणझिण्या डोक्यात गेल्या.

तेव्हा गाडी बोलली. तोच शांत आवाज.

"मालक, तुमचा श्वास आणि ठोके वाढले आहेत. मदत हवी आहे का?"

"नको," पप्पा धापा टाकत म्हणाले. "गप चल."

"प्रश्न तृप्ती खराडे यांना होता," गाडी म्हणाली.

बाहेर उसाच्या फडात कुणीतरी मोठ्यानं गाणं लावलं होतं, तेवढंच ऐकू येत होतं. पप्पांनी हळूच मान वळवून आईकडं बघितलं, जणू ती पहिल्यांदाच शेजारी बसली होती.

"मालक?" ते म्हणाले. "तू?"

"आई, हो म्हण!" शर्वी किंचाळली. "मदत हवी! हवी आहे!"

"मागच्या प्रवाशाचं ऐकलं," गाडी म्हणाली. "वाट बदलायला मालकांचा होकार लागेल."

आईनं तोंड उघडलं. पप्पांनी तिचा जबडा मुठीत धरला आणि इतका दाबला की आतून शब्दाऐवजी नुसता दातांचा आवाज आला.

"म्हण," ते म्हणाले, "नको म्हण."

"न... नको," आई म्हणाली.

गाडी पुढं जात राहिली. आणि पप्पांनी आईचं डोकं खिडकीच्या काचेवर आपटलं, एकदा, आणि परत, अगदी शांतपणे, जसं कुणी नारळ फोडतं.

* * *

उत्तूरच्या अलीकडं गाडी थांबली. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. एका ट्रॅक्टरची मागची ट्रॉली रस्त्यावरच कलंडली होती, ऊस पसरला होता, माणसं मोळ्या उचलत होती. मागूनही दोन ट्रॉल्यांचा एक ट्रॅक्टर येऊन चिकटला. पुढं जागा नाही, मागं नाही.

पप्पांनी सवयीनं हॉर्न मारायला हात आपटला. समोर सपाट फळी. त्यांनी उजवा पाय आपटला. मग दार उघडून हॉकी स्टिक घेऊन उतरले आणि पुढच्या ट्रॅक्टरवाल्याच्या नावानं ओरडायला लागले. रस्त्यावर अडलं की उतरून भांडायचं. वीस वर्षांची सवय.

"आई," शर्वी मागून पुढं वाकली. "आत्ता. बोल. तुझंच ऐकणार ती. आई, बोल ना गं!"

आई समोर बघत होती. तिचा एक डोळा बंद झाला होता. शर्वीनं तिचा खांदा धरला, मग सोडला. ओढून, ढकलून हे होणार नव्हतं. चढाईला गेलेल्या गड्यासारखं, रेषा आईलाच ओलांडायची होती.

"दार लाव," आई म्हणाली.

खट् खट् खट्.

"ह्यांना... परत आत घेऊ नको."

"धैर्यशील खराडे यांची परवानगी काढली आहे," गाडी म्हणाली. "मदत हवी आहे का?"

"हवी," आई म्हणाली. आणि मग मोठ्यानं, बाहेरचं पप्पांचं ओरडणं दबेल इतक्या मोठ्यानं, "हवी आहे!"

"जवळचा दवाखाना गडहिंग्लजला आहे. वाट मोकळी होताच निघू."

पप्पा परत आले तेव्हा उजवं दार उघडेना. त्यांनी हँडल ओढलं. काचेतून आईकडं बघितलं. मग स्टिक उचलली. पहिल्या दणक्यात आरसा उडाला. दुसऱ्यात खिडकीवर जाळं पडलं. मग ते समोर गेले. पुढून मारलं की गाडी काहीच करणार नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं. कोल्हापुरात पोरं मुद्दाम या गाड्यांसमोर उभं राहून नाचायची. बॉनेटवर चढून त्यांनी छपरावरची ती डबी ठेचली, कॅमेरे फोडले, आणि समोरच्या काचेवर असे घाव घातले की आत कण उडाले. एक कण शर्वीच्या गालात रुतला. आईनं तिला खाली दाबलं आणि स्वतः तिच्या अंगावर ओणवी झाली.

"उतर! उतर खाली! मालकीण झालीस व्हय!"

तोवर काच फुटल्याचा आवाज ऐकून ट्रॅक्टरवाले, ऊसतोडीचे गडी, दोन मोटरसायकलवाले धावत आले होते. त्यांनी काय बघितलं? फुटलेली गाडी. काचेत रक्तानं माखलेली बाई. उजवी सीट रिकामी, आणि बॉनेटवरून उतरून उजव्या दाराशी आलेला, दारूचा वास मारणारा एक माणूस.

"कुणाला ठोकलं रे?"

"बाईला लागलंय! पोरगीबी हाय आत!"

"ड्रायव्हर कुठं हाय?"

"ह्योच की! पिलाय बघ कसला!"

"मी ड्रायव्हर न्हाई!" पप्पा ओरडले. "ड्रायव्हरच नस्तोय ह्या गाडीला! ती आपोआप चालती!"

"आपोआप चालती म्हणं!" एकजण हसला आणि त्यानं पप्पांच्या हातातली स्टिक हिसकावून त्यांच्याच नडगीवर हाणली. "आन आपोआपच ठोकली व्हय?"

मग सगळेच तुटून पडले. अपघात झाला की ड्रायव्हरला धरायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. लाथा, बुक्क्या, उसाच्या कांड्या. पप्पा खाली पडले, उठले, परत पडले. त्यांचा शर्ट फाटला. कुणीतरी त्यांच्या तोंडावर बूट दिला आणि त्यांच्या तोंडातून रक्ताचा धागा लोंबला. जन्मात ह्या गाडीचं चाक त्यांनी कधी वळवलं नव्हतं. ड्रायव्हर म्हणूनच मार खात होते.

शर्वी जाळ्या पडलेल्या काचेतून बघत होती. आणि खरं सांगायचं तर पहिले घाव बघताना तिच्या छातीत काहीतरी नाचलं. घाला अजून! कुकरच्या झाकणाचा एक. पट्ट्याचा एक. माझ्या दाराच्या कडीचा एक!

मग कोयता दिसला. एका गड्यानं कमरेचा ऊस तोडायचा कोयता काढला होता, आणि पप्पांनी डोक्यावर धरलेल्या हाताकडं तो बघत होता.

"आई, दार उघड माझं. फक्त माझं."

"बाळा, नको..."

"आई!"

आईनं सांगितलं. शर्वी बाहेर उडी मारून गर्दीत घुसली, कुणाच्या काखेतून, कुणाच्या पायातून, आणि पप्पांच्या अंगावर आडवी पडली. कोणाची तरी लाथ तिच्या बरगडीत बसली.

"थांबा! थांबा! ड्रायव्हर न्हाईत हे! माझे पप्पा हाईत!"

हात थांबले. कोयतावाला मागं सरकला. एका म्हाताऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं तिला उठवलं. "बाळ, मग तुझ्या आईला कशानं लागलं? गाडी कुठं धडकली?"

"कुठंच न्हाई धडकली." शर्वीच्या नाकातून रक्त ओठावर आलं होतं, ते तिनं चाटलं. हे वाक्य तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "ह्यांनी मारलं. पप्पांनी. रोज मारतात."

तिला वाटलं, आता खरंच मारतील. आता कोयता थांबणार नाही. तिनं डोळे मिटले.

"हात्तिच्या," कुणीतरी म्हणालं. "नवराबायकोचं हाय व्हय."

"आधी सांगायचं न्हवं का पावणं! उगं मार खाल्लासा."

"घरातलं हाय. चला रं, ऊस उचला."

माणसं पांगली. ज्यानं नडगीवर हाणलं होतं त्यानंच पप्पांना काखेत हात घालून बसवलं, पाठीवरची धूळ झटकली, पाण्याची बाटली दिली. "कधीमधी हुतं, पावणं. पर पोरीबाळीच्या देखत नको." कोयता परत कमरेला गेला. कुणीतरी हॉकी स्टिकसुद्धा आणून शेजारी नीट ठेवली.

शर्वी रस्त्याच्या मध्ये उभी राहिली. तिला वाटलं, आपण कुठल्यातरी दुसऱ्याच भाषेत बोललो.

ऊस हलला, वाट झाली. आईनं काच खाली केली आणि बराच वेळ पप्पांकडं बघितलं. त्यांचा उजवा हात कोपरापाशी भलत्याच दिशेला वळला होता. "ह्यांना मागं बसव," ती शर्वीला म्हणाली. "तू पुढं ये." मग उजव्या सीटवर सरकून गाडीला म्हणाली, "मागचं दार उघड, ह्यांना आत घे. दवाखान्यात चल."

"समोरचे आणि छपरावरचे डोळे निकामी आहेत," गाडी म्हणाली. "बाजूच्या रडारवर हळू जाता येईल."

ती खरंच हळू गेली. सायकलवाले मागं टाकून पुढं जात होते. पप्पा मागच्या सीटवर कण्हत होते, आणि आई उजव्या सीटवर, भुवईवर पदर दाबून, ताठ बसली होती.

* * *

सरकारी दवाखान्यात दोघांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. आईच्या भुवईला टाके, पप्पांच्या हाताला प्लास्टर. शर्वीच्या गालातला काचेचा कण सिस्टरांनी चिमट्यानं काढून तिलाच दाखवला.

बाहेरच्या बाकावर एक हवालदार मामा आणि त्यांच्याबरोबर एक कॉन्स्टेबल ताई येऊन बसल्या होत्या. रस्त्यात मारहाण झाल्याची खबर कुणीतरी दिली होती.

"ऊसवाल्यांवर केस टाकणार मी," पप्पा छताकडं बघत म्हणाले. ओठ सुजल्यामुळं शब्द जाड येत होते. "एकेकाला आत घालतो. तृप्ते, तू सांग त्यास्नी, जमावानं मारलं म्हणून. दोघांनाबी जमावानंच मारलं."

आईनं मान वळवून भिंतीकडं बघितलं. नेहमीचं उत्तर तिच्या ओठांपर्यंत येत होतं हे शर्वीला दिसत होतं. पाय घसरला. काच लागली. जमाव आला.

"आणि शर्वी," पप्पांचा आवाज एकदम मऊ झाला. "तू वाचवलंस बाळा मला आज. बापाच्या अंगावर पडलीस. पोरगी असावी तर अशी."

शर्वी दोन खाटांच्या मध्ये उभी राहिली. बरगडीत श्वास घेताना दुखत होतं, म्हणून तिनं लहान लहान श्वास घेतले.

"पप्पा, मी तुम्हाला वाचवलं, परत तशी वेळ आली तरी वाचवेन. आई, तुला जे सांगायचं ते तू सांग, न्हाईतर काहीच सांगू नको, मी तुझ्यावर रागावणार न्हाई. पण मी आता बाहेर त्या ताईंकडं चाललोय. ऊसवाल्यांनी पप्पांना मारलं ते सांगणार हाय. आणि पप्पांनी तुला मारलं तेपण सांगणार हाय, आजचं, ओट्यापाशीचं, पट्ट्याचं, सगळं, पहिल्यापासनं. त्या म्हणतील घरातलं हाय, तर मी परत सांगणार. आणि तिथनं मी आजऱ्याला जाणार, मामाकडं. तिथल्या शाळेत नाव घालणार. कोल्हापूरच्या घरात मी आता झोपायला येणार न्हाई. हे तुम्हाला विचारायला न्हाई आलो मी. सांगायला आलो."